काय ठरलं होतं आपलं?

माझ्या बायकोला दोघांनी फसवलं. आधी मी, नंतर सरकारने. माझा गुन्हा मी खाली लिहून देतो आहे, कारण आमच्या धंद्यात आधी आपली पेटी उघडून दाखवायची असते आणि मगच दुसऱ्याच्या पेटीत हात घालायचा असतो. सरकारच्या पेटीचे खिळे अजून कोणी काढलेले नाहीत.

पंधरा दिवसांपूर्वी या वर्षीचा पहिला आंबा आला. कसब्यातल्या आमच्या गल्लीत टेम्पो शिरत नाही, तो कोपऱ्यावर थांबतो आणि पेट्या डोक्यावरून येतात. मागच्या खोलीत भाताचं वाळलं गवत पसरलं, त्यावर कच्चे आंबे मांडले, वर पुन्हा गवत. याला आम्ही अढी म्हणतो. चार-पाच दिवस काही होत नाही. मग एका सकाळी दार उघडलं की वास छातीवर येऊन आदळतो. गोड, किंचित राळेचा, किंचित उन्हात तापलेल्या गोणपाटाचा. गिऱ्हाईक डोळे मिटून "वा" म्हणतं. मला हा वास आता सहन होत नाही. चार वर्षांपूर्वी त्याने मला सगळं सांगितलं होतं आणि मी ऐकून घेतलं नाही.

मी जन्माने आंब्याचा माणूस नाही. मी विदर्भातला, संत्र्याच्या ट्रकवर बसून एकोणिसाव्या वर्षी पुण्यात उतरलेला. हमाली केली, हातगाडी लावली, मग हा गाळा. मला कोणी फुकट काही दिलं नाही आणि मीही कोणाला मागितलेल्या भावात काही दिलं नाही. आंबा मला विमलने शिकवला, माझ्या बायकोने. ती राजापूरची. "तुम्ही आंबा डोळ्यांनी बघता, म्हणून फसता," असं म्हणायची. सकाळी अंघोळ झाली की ती अढीच्या खोलीचं दार उघडून उंबऱ्यावर उभी राहायची. आत पाऊलही टाकायची नाही. एक मोठा श्वास घ्यायची आणि सांगायची, "उजवीकडची मागची रांग आज काढा. खिडकीखालच्यांना हात लावू नका, ते परवा." परवा म्हणजे परवाच. पंचवीस वर्षं आमचं दुकान त्या नाकावर चाललं. पाटीवर नाव मात्र माझं.

माझ्या अंगात कला एकच होती, विसरण्याची. बागायतदाराशी तासभर घासाघीस करून भाव ठरवायचा आणि "चहा घेऊन येतो" म्हणून उठायचं. परत आल्यावर कपाळाला हात लावून विचारायचं, "काय ठरलं होतं आपलं?" समोरचा उन्हाने थकलेला असतो, त्याला गाडी रिकामी करून घाट गाठायचा असतो. तो आपणहून एक पायरी खाली उतरतो. पहिल्या वेळी मला थोडी लाज वाटली होती. दुसऱ्या वेळी नाही वाटली. मार्केट यार्डात पाठीमागे मला विसरभोळे शेठ म्हणायचे आणि मी तो किताब समजायचो. विमलला हे अजिबात आवडायचं नाही. "एवढं लक्षात ठेवून विसरायचं म्हणजे कष्ट पडत असतील ना हो?" ती विचारायची. तिचा टोमणा असा असायचा, चिमटा काढून झाल्यावर तीच जागा चोळून देणारा.

तो हंगाम. पाडवा होऊन आठ दिवस झाले होते. पत्रे दुपारी तडतडायचे, गल्लीतली कुत्री नळाखालच्या ओल्या फरशीवर पसरलेली असायची. विमल म्हणाली, भाचीचं लग्न आहे, पंधरा दिवस राजापूरला जाऊन येते. मी म्हणालो, "आंब्याच्या दिवसांत? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" अगदी हेच शब्द वापरले.

त्याच आठवड्यात ती अढीच्या दारात उभी राहिली आणि नुसतीच उभी राहिली. एक श्वास, दुसरा, तिसरा. मी मागून विचारलं, "कुठली काढू?"

"तुम्हाला हवी ती काढा."

मला वाटलं, रुसली. मीही कमी हट्टी नाही. मला हवी ती रांग काढली. तीन दिवसांनी पलीकडच्या आळीतल्या एक काकू पिशवीसकट परत आल्या आणि म्हणाल्या, "शेठ, हे आंबे खायचे आहेत की यांचं लोणचं घालायचं आहे?" आणि खिडकीखालची रांग, जिला ती इतकी वर्षं वेळ येण्याआधी बोटही लावू द्यायची नाही, ती गवताखाली काळी पडून पाझरत होती.

मग ती भाव विसरायला लागली. गिऱ्हाइकाला वीस वर्षांपूर्वीचा भाव सांगायची. मी दुरुस्त केला की मान हलवायची आणि दोन मिनिटांनी मलाच विचारायची, "अहो, काय ठरलं होतं आपलं?"

माझे शब्द. माझाच सूर. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. राजापूरला सोडलं नाही म्हणून ही माझीच विद्या माझ्यावर चालवते आहे, अशी माझी खात्री झाली. दुसरा कुठलाही नवरा घाबरला असता, निदान डॉक्टरकडे गेला असता. मी काय केलं? मी मनातल्या मनात खूश झालो. म्हटलं, शिकली की! आणि मी सौद्याला बसलो.

"बरं. आठ दिवस जाऊन ये."

ती ओट्याशी कोथिंबीर निवडत होती. "कुठं?"

"दहा."

"अहो, पण कुठं?"

"चल, पंधरा. तू म्हणालीस ते. याच्यावर एक दिवस नाही. आणि उद्यापासून अढी नीट बघायची."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसली. नाव आठवत नसलेल्या पाहुण्याकडे बघून आपण हसतो, तसं. "बरं, तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली. कोथिंबिरीच्या काड्या तिने ताटात ठेवल्या आणि पानं केराच्या डब्यात टाकली. ते मी पाहिलं. पाहूनही मला एवढंच वाटलं, की सोंग काढावं तर असं.

मी एका आजाराशी घासाघीस करत होतो आणि मला वाटत होतं की मी जिंकलो.

ती राजापूरला गेलीच नाही. बॅगही भरली नाही. मला तर सोंगाचा पुरावाच मिळाला. अक्षय्य तृतीयेच्या सकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या गर्दीत मी एक देवगडचा हापूस कापला, एक कर्नाटकातला कापला, दोन्ही फोडी तिच्या नाकाशी धरल्या आणि चारचौघांत म्हणालो, "सांग, देवगड कुठला?" दुधखुळ्या पोराला विचारावं तसं विचारलं. तिने एक फोड हुंगली. दुसरी हुंगली. पुन्हा पहिली. मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाली, "अहो, यांना वासच नाही."

लोक हसले. मी त्यांच्याहून मोठ्याने हसलो. ती दोन्ही फोडी हातात घेऊन उभी होती आणि रस तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होता. पुसायचा असतो, हे तिला सुचत नव्हतं.

हापूसमध्ये साका नावाचा एक दोष असतो. फळ बाहेरून देखणं, वजनदार, डाग नाही. कापलं की आत पांढरा, पांचट गोळा. साका निघाला की बागायतदार, आडत्या, मी, सगळे एकमेकांकडे बोट दाखवतो, पण आंब्याला कोणी दोष देत नाही. माणसाच्या बाबतीत आम्ही तेवढाही विवेक दाखवला नाही. विमलची बहीण म्हणाली, हल्ली कामचुकार झाली आहे. शेजारी म्हणाले, वय झालं. महापालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मान वर न करता तेच सांगितलं, "वय झालंय. काहीतरी कामात गुंतवून ठेवा." तेव्हा ती एकसष्टची होती. राजकारणात या वयाला उमदं नेतृत्व म्हणतात.

दोन हंगाम असेच गेले. शेवटी मुलीने, मुक्ताने, तिला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. मुक्ता हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. कंपनीच्या बसमध्ये तिचं निम्मं आयुष्य जातं आणि उरलेल्यात तिने हे केलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, अल्झायमर. विचारलं, पहिल्यांदा काय जाणवलं? मी आंब्याचं सांगितलं. ते म्हणाले, "बऱ्याच जणांचं नाक आधी जातं. वास ओळखता येत नाही. आठवण जाण्याच्या आधीसुद्धा."

"तेव्हाच आणलं असतं तर बरी झाली असती का?"

"बऱ्या नसत्या झाल्या. पण त्यांना सांगता आलं असतं."

"काय?"

"पुढे कसं राहायचं आहे. कोण जवळ हवं आहे. कुठे जायचं आहे. तेव्हा त्या स्वतः सांगू शकत होत्या."

बाबा रे, या आजारात काय चोरीला जातं ते मला त्या खुर्चीत कळलं. आठवणी आजार नेतो, त्याला इलाज नाही. पण विमलचा शब्द आजाराने नेला नव्हता. दोन वर्षं तो तिच्या तोंडात होता. मला ऐकायचा नव्हता आणि सरकारकडे ऐकायला माणूस नव्हता.

आता सरकारची पेटी. दर पावसाळ्यात महापालिकेचा माणूस आमच्या घरी येतो आणि कुंडीखालच्या बशीत डासांची अळी आहे का ते वाकून बघतो. ताप, साखर, रक्तदाब विचारायला बाया येतात, भिंतीवर खडूने आकडे टाकून जातात. त्या हंगामातही आल्या होत्या. विमलने त्यांना तीनदा चहा विचारला. पहिला त्यांच्या हातात असताना दुसऱ्यांदा. त्यातल्या एकीलाही कोणी शिकवलं नव्हतं की बाई, याची नोंद घ्यायची असते. एक प्रश्न विचारायचा होता, "हल्ली काही विसरायला होतं का?" त्याला ना यंत्र लागतं, ना सुई. आमच्या बशीतली अळी शासनाला सापडते, माझ्या बायकोचं पुसत चाललेलं डोकं सापडत नाही.

मुंबईच्या आणि दिल्लीच्या कागदांवर काय काय लिहिलं आहे ते मला माहीत नाही. असेलही. कागदावर माझाही आंबा देवगडचाच असतो.

निवडणुकीच्या आधी आमच्या प्रभागातल्या एका महापालिकेच्या इमारतीत तळमजल्याच्या हॉलवर पाटी लागली. स्मृती साहाय्य केंद्र. अशा माणसांना दिवसभर सांभाळायचं, शिकलेली परिचारिका असणार, घरच्यांनाही शिकवणार, असं माननीयांनी भाषणात सांगितलं. नारळ फुटला, शाली वाटल्या. ज्येष्ठांना शाल देण्याची आपल्याकडे फार हौस. उन्हाळ्यातसुद्धा देतात. विमललाही एक मिळाली. ती तिने फोटो काढून होताच घडी करून माननीयांनाच परत दिली. "तुमची राहिली," म्हणाली. त्या कार्यक्रमातलं तेवढं एकच शहाणपणाचं वाक्य होतं.

दुसऱ्या दिवसापासून हॉलला कुलूप. त्याला आता दीड वर्ष झालं. काचेतून बघितलं तर आत प्लास्टिकच्या खुर्च्या एकमेकींत खोचून ठेवलेल्या आहेत आणि नारळाची करवंटी कोपऱ्यात तशीच आहे.

या मोसमाच्या तोंडावर मी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर बसणाऱ्या महापालिकेच्या साहेबांकडे गेलो. बाहेर शिपाई म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत. मी म्हणालो, मीटिंगला फरसाणाचा वास येतोय, आणि आत गेलो.

"बोला काका."

"खालच्या केंद्राबद्दल आलोय. विसरण्याच्या आजाराच्या माणसांसाठी होतं ते."

"कुठलं केंद्र?"

"आपल्या पायाखालचं. उद्घाटनाला आपण होतात. फेटा बांधला होता आपल्याला, केशरी."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "काका, रोज कार्यक्रम असतात हो. एक्झॅक्टली काय ठरलं होतं आपलं?"

मी हसलो. मला राग यायला हवा होता, पण आधी हसूच आलं. तीस वर्षांनी मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने स्वतःचं तोंड बघत होतो.

"साहेब," मी म्हणालो, "हे सोंग माझं आहे. तुमच्याहून चांगलं करायचो मी."

"म्हणजे?"

"खरोखर विसरलेला माणूस आधी घाबरतो. पदर चाचपतो, खिसे चाचपतो, समोरच्याच्या तोंडाकडे बघून उत्तर शोधतो. तुम्ही शेव खाताय."

साहेबांनी हात पुसले. मग खालच्या पट्टीत समजावू लागले. खड्डे आहेत, डेंगी आहे, पाण्याची बोंब आहे, खडकवासल्यात पाणी असूनही लोकांचे हंडामोर्चे येतात. "तुमचा विषय सेन्सिटिव्ह आहे, पण प्रायॉरिटीत बसत नाही. आणि खरं सांगू का, हे पेशंट काही बरे होत नाहीत ना?"

"मग रस्ते तरी तुम्ही कुठे बरे होण्यासाठी करता?"

"अर्ज देऊन जा."

"हा चौथा आहे."

"मग जपून ठेवा कॉपी," साहेब म्हणाले. "इथे हरवतात."

जिना उतरताना मला उमगलं की यात त्यांची हुशारी काहीच नाही, जागा त्यांना आयती मिळालेली आहे. सौद्यात एकच ताकद असते, उठून जाण्याची. "नको तुमचा माल" म्हणून जो उठू शकतो, त्याचं ऐकतात. हंडेवाल्या बाया रस्ता अडवतात, म्हणून त्यांचं पाणी प्रायॉरिटीत बसतं. आमच्या माणसांनी मोर्चा काढला तर पहिल्या चौकात त्यांना आठवणार नाही की आपण कशाला निघालो. आणि आम्ही सांभाळणारे? आम्ही घरातून उठूच शकत नाही. विसरणाऱ्यांची मतं असतात, पण मतदानाच्या दिवशी हात धरून नेण्यापुरतीच. एवढं असहाय गिऱ्हाईक समोर असेल तर व्यापारी काय करतो ते मला विचारा. मी केलं आहे. उन्हाने थकलेल्या बागायतदाराशी मी जे करायचो, तेच हे सरकार आमच्याशी करतं. चहाला उठतं, आणि आम्ही एक पायरी खाली उतरण्याची वाट बघतं. पहिली पायरी आम्ही उतरलोच. वर्षापूर्वी आम्ही प्रत्येक प्रभागात केंद्र मागत होतो. आता मी एका हॉलचं कुलूप उघडा म्हणतो आहे.

लोक मला समजूत घालायला येतात. "बरंच आहे म्हणा, त्यांना दुःख तरी आठवत नाही." या शहाण्यांना एकदा आमच्या घरी दुपारभर बसवलं पाहिजे. तिला दुःख आठवत नाही हे खरं, पण ते दुःख रोज नव्याने येतं. ती रोज विचारते, "आई कशी आहे?" आई जाऊन तीस वर्षं झाली. पहिले काही दिवस मी खरं सांगायचो आणि ती रोज पहिल्यांदा ऐकल्यासारखी रडायची. शेवटी मुक्ता चिडली. "बाबा, प्लीज, तिच्यापुढे रोज रोज नका ना मारू आजीला. बरी आहे म्हणा ना." खोटं बोलण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे खोटं मुलीने शिकवावं लागलं. घरच्यांना शिकवणारी ती परिचारिका खालच्या हॉलमध्ये असती, तर आईच्या मरणाचे ते सगळे दिवस विमलचे वाचले असते.

आणि ती रोज राजापूरला जायचं म्हणते. गेल्या वर्षी नेलं. भावाच्या अंगणात रायवळ आंब्याचं झाड आहे, त्याखाली ती लहानपणी खेळलेली. तिने खोडाला हात लावला, वर बघितलं आणि म्हणाली, "छान आहे हो. पण आता राजापूरला जाऊ या ना." पंधरा दिवस मी उशिरा मंजूर केले. ते घ्यायला गिऱ्हाईक राहिलं नव्हतं.

यंदाचा आंबा आलाय आणि मला गाळ्यावर बसावं लागतं, नाहीतर तिच्या औषधांचं काय? मी माणसं ठेवून बघितली. एक बाई आली, ती मोबाइलमध्ये आणि विमल रस्त्यावर. नदीच्या पुलाकडे चालली होती. हातात रिकामी पिशवी, एका पायात माझी चप्पल. एका रिक्षावाल्याने ओळखून आणून सोडली. ज्या बाईला हे काम कोणी शिकवलेलंच नाही, तिला मी काय बोलणार? त्या दिवसापासून मी काय करतो ते सांगतो. सकाळी आठला तिला न्याहारी देतो, पंखा लावतो, पुढ्यात शेंगांची टोपली ठेवतो आणि घराला बाहेरून कुलूप घालतो. बाराला येऊन उघडतो. घर आणि गाळा यांच्यात वीस पावलांचं अंतर आहे. तेवढ्यावरून तिचा आवाज येतो. ती ओरडत नाही. शेजारच्याला त्रास नको म्हणून हलक्या हाताने दार वाजवते आणि म्हणते, "अहो, दार अडकलंय वाटतं." मी गिऱ्हाइकाला आंबा दाखवत असतो. गिऱ्हाईक म्हणतं, "शेठ, वास काय सुटलाय!" आणि आतून पुन्हा, तितक्याच नम्रपणे, "अहो, कोणी आहे का?"

परवा अढीचं दार मी स्वतः उघडलं आणि तिच्यासारखा उंबऱ्यावर उभा राहिलो. मला फक्त वास आला. कुठली रांग आज आणि कुठली परवा, ते नाही कळलं. मी तिला हाताला धरून आणलं आणि विचारलं, "विमल, कुठली काढू?" ती उभी राहिली. एक मोठा श्वास घेतला, जुन्या सवयीने, छाती भरून. मग माझा चेहरा बघितला आणि मला वाईट वाटू नये म्हणून बोट कुठेतरी दाखवलं. मी ती रांग काढली. सगळे कच्चे होते. ते मी तसेच ठेवले आहेत, विकणार नाही.

माझी पेटी उघडी करून झाली. या गल्लीत माझ्या घराला एक कुलूप आहे आणि पाचशे पावलांवर त्या हॉलला दुसरं. दुसरं उघडलं असतं तर पहिलं लावावं लागलं नसतं. पहिल्याची किल्ली माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे. माझं नाव दुकानाच्या पाटीवर आहे, गुन्हा मी कबूल करतो, कोणीही येऊन मला जाब विचारावा. दुसऱ्याची किल्ली कोणाच्या खिशात आहे? मला अर्जाचा क्रमांक नको, खातं नको, "बघू" नको. मला त्या माणसाचं नाव हवं आहे. त्याने सकाळी आठ ते बाराच्या दरम्यान माझ्या दाराशी यावं, आतून ती विचारते तेव्हा तिथे उभं राहावं, आणि कोणी आहे की नाही ते तिला सांगावं.